डिस्क प्लेअरचे फर्मवेअर मागे नेताना: ध्वनिसंरक्षण, यंत्रावरील हक्क आणि कायदा

ब्लू-रे प्लेअरवर चित्रपट सुरू असतो. वीसएक मिनिटे सर्व सुरळीत चालते आणि अचानक आवाज बंद होतो. चित्र मात्र चालूच राहते. पडद्यावर संदेश उमटतो की ही सामग्री ‘सिनाव्हिया’ने संरक्षित असून या उपकरणावर ती वाजवण्यास परवानगी नाही. अनेकांची पहिली समजूत यंत्र बिघडल्याची होते. केबल बदलली जाते, टीव्ही तपासला जातो, प्लेअर दुरुस्तीला नेला जातो. प्रत्यक्षात यंत्रात बिघाड नसतो. आवाज थांबवण्याचा निर्णय त्याच्या फर्मवेअरने घेतलेला असतो. तीच प्रत फर्मवेअर अद्ययावत करण्यापूर्वी त्याच प्लेअरवर वाजत असेल, तर जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. ही वाट मोजक्याच यंत्रांवर मोकळी असते आणि मोकळी असली तरी तिची किंमत मोजावी लागते.

ध्वनीत दडलेली खूण

सिनाव्हिया ही अमेरिकेतील सॅन दिएगो येथील व्हेरान्स कंपनीने विकसित केलेली पद्धत आहे. चलनी नोटेच्या कागदातच जसा वॉटरमार्क असतो, तशी या पद्धतीत चित्रपटाच्या ध्वनीतच एक सांकेतिक खूण मिसळलेली असते. ती कानाला जाणवत नाही. परंतु ती ऐकू येणाऱ्या ध्वनीच्याच पट्ट्यात पसरलेली असल्यामुळे गाळून काढू गेल्यास मूळ आवाजाचीही हानी होते. फाइल लहान करण्यासाठी ध्वनीचे संक्षेपण केले, किंवा चित्रपटगृहात मायक्रोफोन धरून ध्वनिमुद्रण केले, तरी ती टिकून राहते.

या खुणेचे दोन प्रकार आहेत. पहिला चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या प्रतींसाठी असतो. असा ध्वनी घरगुती प्लेअरवर आढळला की तो चोरून केलेल्या चित्रीकरणातून आला, असे यंत्र गृहीत धरते आणि प्रक्षेपणच थांबवते. दुसरा प्रकार विक्रीच्या डिस्कवर असतो. त्याचा अर्थ असा की हा ध्वनी ‘एएसीएस’ या कूटबद्ध कुलपासोबतच असायला हवा. खूण आहे पण कुलूप नाही, अशी स्थिती आढळली की प्लेअर आवाज बंद करतो. तपासणीला काही मिनिटांचा ध्वनी लागत असल्याने बंदी आरंभी न येता चित्रपट रंगात आल्यावर येते.

एएसीएस ही ब्लू-रेची संरक्षणव्यवस्था. डिस्ने, वॉर्नर, सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्यांनी मिळून ती उभारली. तिच्या परवान्यानुसार फेब्रुवारी 2012 पासून नव्या ब्लू-रे प्लेअरमध्ये सिनाव्हियाची तपासणी बंधनकारक झाली. त्याआधीच, नोव्हेंबर 2009 मध्ये आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून, सोनीच्या प्लेस्टेशन-3 मध्ये ती अंतर्भूत झाली होती. म्हणजे लोकांच्या घरी आधीपासून असलेली यंत्रे एका अद्यतनाने वेगळी वागू लागली. साध्या डीव्हीडी प्लेअरना हे बंधन लागू नाही. ते ब्लू-रेच्या परवान्याशी जोडलेले आहे.

संरक्षणाचा जुना संघर्ष

ध्वनीला कुलूप लावण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. 1982 मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीवर कोणतेच कुलूप नव्हते. पुढे संगणकावर प्रती काढणे सोपे झाले, तेव्हा संगीत कंपन्यांनी 1998 मध्ये ‘एसडीएमआय’ हा उपक्रम सुरू केला. सप्टेंबर 2000 मध्ये या उपक्रमाने आपले वॉटरमार्क मोडून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वीकारले. आव्हानातील वॉटरमार्क निष्प्रभ करता येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. खटल्याच्या धास्तीने एप्रिल 2001 मधील परिषदेतून त्यांनी आपला निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो अन्यत्र सादर केला.

2005 साली सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्यावर एक संरक्षक प्रोग्रॅम गुपचूप बसतो आणि स्वतःला लपवून ठेवतो, हे उघड झाले. त्यामुळे संगणकाची सुरक्षाच धोक्यात येत असल्याने कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. सिनाव्हियामध्ये संगणकात काही घुसवण्याची गरज नाही. खूण ध्वनीत असते आणि पहारेकरी प्लेअरमध्ये. म्हणूनच पुढचा सगळा वाद प्लेअरच्या फर्मवेअरभोवती फिरतो.

आवृत्ती मागे का जात नाही

फर्मवेअर म्हणजे प्लेअरच्या स्मृतिचिपमध्ये कायम बसवलेला कार्यप्रोग्रॅम. इंटरनेट, पेनड्राइव्ह किंवा डिस्क यांपैकी एका मार्गाने त्याची नवी आवृत्ती यंत्रात जाते. नवी फाइल स्वीकारण्यापूर्वी यंत्र सहसा दोन गोष्टी तपासते. पहिली, फाइलवर उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी आहे का. दुसरी, फाइलचा आवृत्तीक्रमांक सध्याच्या क्रमांकाहून मोठा आहे का. दुसरी तपासणी नसलेल्या यंत्रात जुनी अधिकृत फाइल पेनड्राइव्हवरून घालता येते. ती असलेल्या यंत्रात जुनी फाइल खरी असूनही नाकारली जाते.

सेटिंगमधील ‘फॅक्टरी रिसेट’ने आवृत्ती मागे जाते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. त्या पर्यायाने भाषा, वायफाय, पडद्याचा आकार अशा निवडी पुसल्या जातात. फर्मवेअर आहे तेच राहते.

जुनी आवृत्ती मिळाली तरी ती उपयोगी पडेलच असे नाही. 2012 नंतरच्या परवानाधारक प्लेअरच्या पहिल्याच आवृत्तीत तपासणी असते. त्याला मागे जायला मोकळी जागाच नाही. प्लेस्टेशन-3 चे उदाहरण यासाठी बोलके आहे. डिसेंबर 2010 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत त्याच्या स्वाक्षरीपद्धतीतील गंभीर चूक उघड झाली. प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवी यादृच्छिक संख्या हवी असताना एकच संख्या पुनःपुन्हा वापरली गेली होती. त्यानंतर 3.55 या आवृत्तीकडे परतण्याची धडपड पुष्कळांनी केली. परंतु ध्वनितपासणी 3.10 पासूनच असल्याने अधिकृत 3.55 वर परतूनही आवाजाची अडचण सुटत नव्हती.

मागे गेल्यावर काय गमवावे लागते

फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली किंवा दुसऱ्या मॉडेलची फाइल चुकून वापरली गेली, तर यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते. नावात एकाच अक्षराचा फरक असलेली दोन मॉडेल आतून निराळी असू शकतात, आणि वेगवेगळ्या देशांत विकल्या जाणाऱ्या एकाच मॉडेलच्या फायलीही वेगळ्या असू शकतात. अशा नुकसानीला वॉरंटीचे संरक्षण सहसा मिळत नाही.

दुसरे नुकसान हळूहळू जाणवते. एएसीएसमध्ये किल्ल्या बाद करण्याची सोय आहे. नव्या डिस्कवर नव्या किल्ल्यांची नोंद असते आणि काही यंत्रांना ती ओळखण्यासाठी नवे फर्मवेअर लागते. जुन्या आवृत्तीवर थांबलेला प्लेअर पुढे निघालेली, रीतसर विकत घेतलेली डिस्क नाकारू शकतो. शिवाय इंटरनेटला जोडलेल्या प्लेअरच्या सुरक्षेतील दुरुस्त्याही मागे राहतात. म्हणून आवृत्ती मागे नेलेले यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवणे आणि आपोआप अद्यतन बंद करणे ओघाने येते. एका प्रतीचा आवाज परत मिळवताना बाकी संग्रह धोक्यात येतो का, याचा विचार आधी व्हायला हवा.

उपायाआधी निदान

आवाज बंद होण्याचे कारण प्रत्येक वेळी सिनाव्हिया नसते. आवाज आरंभापासूनच नसेल, तर टीव्ही किंवा अ‍ॅम्प्लिफायरला त्या प्रकारचा ध्वनी उलगडता येत नाही, हे कारण अधिक संभवते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ केल्यास पुष्कळदा काम भागते. चित्र व आवाज दोन्ही नसतील तर केबल आणि टीव्ही यांच्यातील जुळणी तपासावी. ठरावीक जागीच आवाज अडखळत असेल तर डिस्कवरील ओरखडा किंवा बुरशी कारणीभूत असते. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत हे कारण विसरून चालत नाही.

डिस्क मुळीच सुरू होत नसेल, तर प्रादेशिक संकेत पाहावा. डीव्हीडीसाठी भारत प्रदेश 5 मध्ये येतो. आखाती देश आणि पोर्तुगाल प्रदेश 2 मध्ये. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ गटात, तर युरोप आणि आखात ‘बी’ गटात आहेत. दुबईहून आणलेला प्लेअर आणि मुंबईत घेतलेली डिस्क यांचे न जमण्याचे कारण बहुधा एवढेच असते. त्याचा ध्वनीतील खुणेशी संबंध नाही.

आवाज काही मिनिटांनी बंद होतो, पडद्यावर सिनाव्हियाचे नाव आणि संदेश क्रमांक येतो, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान पक्के समजावे. क्रमांक 3 आवाज बंद केल्याचा, तर क्रमांक 1 प्रक्षेपण थांबवल्याचा असतो. मूळ डिस्क घरात असेल तर तीच त्या प्लेअरमध्ये लावून पाहावी. मूळ डिस्कवर कुलूप शाबूत असल्याने आवाज बंद होत नाही. अडचण येते ती तिच्यावरून काढलेल्या प्रतीची. मूळ डिस्क खराब होऊ नये म्हणून घरच्यापुरती प्रत काढणारा ग्राहक आणि प्रती विकणारा चोर, या दोघांतील भेद यंत्राला कळत नाही.

‘खासगी’ म्हणजे कुठवर

यंत्राला न कळणारा हा भेद कायदा करतो. ‘खासगी’ या शब्दाला मराठ्यांच्या राज्यकारभारात नेमका अर्थ होता. होळकरांकडे राज्याची ‘दौलत’ आणि घराण्याची ‘खासगी’ असे दोन हिशेब वेगळे ठेवले जात. शिंद्यांच्या ग्वाल्हेरातील खासगी बाजार या वस्तीच्या नावात तोच शब्द आजही टिकून आहे. कॉपीराइटच्या प्रश्नातही घरचा हिशेब कुठे संपतो आणि बाजार कुठे सुरू होतो, हेच ठरवावे लागते. खासगी बाजारातील घर असो वा मडगावातील, त्यासाठी केंद्रीय कायदा एकच आहे: 1957 चा कॉपीराइट कायदा आणि 21 जून 2012 पासून अमलात आलेली त्याची दुरुस्ती.

या दुरुस्तीने कलम 65-अ आणले. हक्कभंग करण्याच्या हेतूने परिणामकारक तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. येथे हेतू महत्त्वाचा आहे. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न ठरवलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीला हेच कलम मोकळीक देते. कलम 52 मध्ये खासगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठीचा ‘उचित व्यवहार’ हा हक्कभंग मानलेला नाही. मात्र पूर्ण चित्रपटाची प्रत उचित व्यवहारात बसते का, हे प्रकरणाच्या तपशिलावर ठरते. मित्राला प्रत देणे, ती भाड्याने देणे किंवा तिचा जाहीर खेळ करणे ‘खासगी’त बसत नाही. अमेरिकेचा 1998 चा कायदा याहून कडक आहे. तिथे हक्कभंगाचा हेतू नसला तरी कुलूप मोडणे मुळातच निषिद्ध आहे आणि सवलती दर तीन वर्षांनी ठरवल्या जातात. तिकडच्या इशाऱ्यांवरून किंवा सवलतींवरून इकडचा कायदा समजून घेणे चुकीचे ठरते.

दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांसाठी कलम 65-अ मध्ये एक कमी परिचित अट आहे. दुसऱ्यासाठी असे संरक्षण मोडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, आवश्यक तपशील आणि तिचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हापशातील किंवा पणजीतील दुकानात पेनड्राइव्ह घेऊन ‘एवढे करून द्या’ म्हणणे सोपे असले, तरी नोंद न ठेवता ते करून देणारा दुकानदार या सवलतीचे संरक्षण गमावतो.

अद्यतनाआधी घ्यायची काळजी

प्लेअर विकत घेतला तरी त्याचे वर्तन उत्पादकाच्या हाती राहते, हे प्लेस्टेशन-3 च्या ग्राहकांनी आणखी एका प्रकरणात अनुभवले. 1 एप्रिल 2010 च्या 3.21 या आवृत्तीने त्या यंत्रावर लिनक्स चालवण्याची जाहिरात केलेली सोय काढून घेतली. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला आणि तडजोड होऊन ग्राहकांना भरपाई देण्याचे ठरले, त्याला अनेक वर्षे लागली.

यंत्रे आता कमीही होत आहेत. ओप्पो डिजिटलने 2018 मध्ये नवे प्लेअर आणणे थांबवले. सॅमसंगने 2019 मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवे प्लेअर आणणे थांबवले. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन बंद केले. उत्पादक गेला की अधिकृत फर्मवेअर मिळण्याचे ठिकाणही कधीतरी बंद होते.

म्हणून अद्यतनाचा संदेश दिसताच होकार देण्यापूर्वी काही गोष्टी कराव्यात. सध्याची आवृत्ती कागदावर लिहून ठेवावी. नव्या आवृत्तीत काय बदलले ते वाचावे. प्लेअर नीट चालत असेल आणि नव्या डिस्क वाजत असतील तर अद्यतनाची घाई करू नये. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील आपल्या मॉडेलची सध्याची फाइल उपलब्ध असेतो उतरवून ठेवावी. अनोळखी ठिकाणची ‘सुधारित’ फाइल यंत्रात घालू नये.

स्वतःच्या ध्वनिमुद्रणांना मात्र कोणतेही कुलूप नसते: घरची मंगलकार्ये, गावच्या जत्रेतील नाटके, वडीलधाऱ्यांची भजने. ती डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक अशा खुल्या स्वरूपात, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्यास एका प्लेअरवर विसंबण्याची वेळ येत नाही. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकड्यांतून अंतराळात गेली, तेव्हा तबकडीसोबत सुई पाठवली गेली आणि ती कशी वाजवावी याच्या आकृत्या वेष्टनावर कोरण्यात आल्या. घरच्या संग्रहासोबतही कोणती फाइल कशावर वाजते, हे एका कागदावर लिहून ठेवले तर पुढच्या पिढीला तो उलगडणे सोपे जाईल.