घड्याळाचा काटा आणि घटकराज्यांचा अधिकार

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वसंतारंभी घड्याळे एक तास पुढे करावयाची आणि शरदात ती पुन्हा मागे घ्यावयाची, असा प्रघात आहे. 'डेलाइट सेव्हिंग टाइम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुढे केलेल्या वेळेस येथे सोयीसाठी 'उन्हाळी वेळ' म्हटले आहे. वर्षातून दोनदा होणारा हा फेरबदल बंद व्हावा म्हणून २०१८ पासून पुढच्या काही वर्षांत सुमारे वीस घटकराज्यांच्या विधिमंडळांनी कायदे वा ठराव संमत केले. बहुतेकांची मागणी उन्हाळी वेळच बारमाही करावी अशी होती. कायदे झाले, त्यांवर गव्हर्नरांच्या स्वाक्षऱ्याही झाल्या. परंतु घड्याळांचे मागेपुढे होणे त्यांमुळे थांबले नाही. आपला कायदा तूर्त अमलात येऊ शकत नाही, हे ठाऊक असताना विधिमंडळाने तो का करावा, या प्रश्नाचे उत्तर संघराज्यातील वेळविषयक अधिकारांच्या इतिहासात सापडते.

२

अमेरिकेत प्रमाणवेळ प्रथम आली ती कायद्याने नव्हे, तर रेल्वेने. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी आपापसांतील कराराने देशाचे कालविभाग पाडले व गावोगावच्या सूर्यवेळांची जागा या विभागवेळांनी घेतली. या व्यवस्थेस मध्यवर्ती कायद्याची मान्यता मिळण्यास १९१८ साल उजाडावे लागले. युद्धकाळात इंधन वाचावे या हेतूने जर्मनीने १९१६ मध्ये उन्हाळी वेळ सुरू केली होती. तिचे अनुकरण करणारा आणि त्याच वेळी कालविभागांना कायद्याचे स्वरूप देणारा 'स्टँडर्ड टाइम अ‍ॅक्ट' अमेरिकन काँग्रेसने मार्च १९१८ मध्ये संमत केला. विभागांच्या सीमा ठरविण्याचे काम आंतरराज्य व्यापार आयोगाकडे देण्यात आले. वेळ हा वाहतुकीचा विषय मानला गेला, ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

युद्ध संपताच शेतकरीवर्गाने उन्हाळी वेळेविरुद्ध आवाज उठविला. दव वाळल्याखेरीज गवत कापता येत नाही आणि गाईंना घड्याळ कळत नाही. तेव्हा शेतमजूर व दुधाच्या गाड्या तासभर आधी आल्या, तर शेतकऱ्याचा तोटाच होई. सूर्याप्रमाणे चालणाऱ्या जुन्या वेळेस विरोधक 'ईश्वरी वेळ' म्हणत. १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने उन्हाळी वेळेचे कलम रद्द केले. कालविभाग मात्र कायम राहिले.

३

मध्यवर्ती सत्तेने माघार घेतल्यावर ती जागा राज्यांनी व नगरांनी घेतली. न्यूयॉर्कसारख्या व्यापारी शहरांनी उन्हाळी वेळ स्वतःच्या अधिकारात चालू ठेवली. मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या 'ग्रेंज' या संघटनेने तो मध्यवर्ती कायद्याशी विसंगत असल्याचा दावा मांडला. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. निकालपत्र न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिले. त्यामुळे राज्याचा कायदा टिकला व घड्याळासंबंधीचा स्थानिक अधिकार पुढील चाळीस वर्षे बव्हंशी अबाधित राहिला. अपवाद फक्त दुसऱ्या महायुद्धाचा. फेब्रुवारी १९४२ ते सप्टेंबर १९४५ या काळात 'युद्धवेळ' या नावाने पुढे केलेली वेळ देशभर बारमाही लागू होती.

युद्धोत्तर काळात या अधिकाराची दुसरी बाजू प्रकट झाली. प्रत्येक गावाने आपापल्या तारखेस घड्याळ बदलावे, अशी स्थिती झाली. ओहायोतील स्ट्युबेनव्हिल ते वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिल या पस्तीस मैलांच्या बसप्रवासात वेळ सात वेळा बदलते, हे उदाहरण तेव्हा वारंवार दिले जाई. रेल्वे, बस आणि नभोवाणी यांच्या वेळापत्रकांना हा गोंधळ असह्य झाला. त्याची परिणती १९६६ च्या 'युनिफॉर्म टाइम अ‍ॅक्ट'मध्ये, म्हणजे एकरूप वेळेच्या कायद्यात झाली.

४

या कायद्याची रचना बारकाईने पाहावयास हवी. उन्हाळी वेळ पाळावयाची असेल तर ती देशभर एकाच दिवशी सुरू व्हावी आणि एकाच दिवशी संपावी, हे त्याचे मुख्य सूत्र. ती पाळावयाची नसेल तर राज्याने कायदा करून संपूर्ण राज्यापुरते बाहेर पडावे, ही सवलत. १९७२ च्या दुरुस्तीने दोन कालविभागांत विभागलेल्या राज्यांना एकाच भागापुरती सूट घेण्याची मुभा मिळाली. परंतु उन्हाळी वेळ बारमाही करण्याची तरतूद कायद्यात कोठेही नाही. प्रमाणवेळ हा पाया आणि उन्हाळी वेळ हा त्यावरील हंगामी फेरफार, अशी कायदेकर्त्यांची धारणा होती. साहजिकच पायाकडे परतणे हा राज्याचा हक्क ठरला. फेरफारालाच पाया करणे हे राज्याच्या कक्षेबाहेर राहिले.

उघड्या असलेल्या एकमेव दाराने काही राज्ये बाहेर पडलीही. हवाईने ही सूट १९६७ मध्येच घेतली. विषुववृत्ताच्या अधिक जवळ असल्याने तेथे दिवसाच्या लांबीत ऋतुमानाप्रमाणे फारसा फरक पडत नाही. अ‍ॅरिझोनाने १९६७ चा एक उन्हाळा नव्या वेळेने काढला आणि १९६८ मध्ये तिचा त्याग केला. वाळवंटी प्रदेशात सूर्य तासभर उशिरा मावळणे ही सोय नसून शिक्षा होती. मात्र याच राज्यातील नावाहो लोकांच्या प्रदेशात उन्हाळी वेळ पाळली जाते, कारण तो प्रदेश शेजारच्या दोन राज्यांतही पसरलेला आहे. त्याने वेढलेला होपी लोकांचा प्रदेश पुन्हा अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतो. एकरूपतेच्या कायद्याखालीही सोयीचे एकक कोणते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

५

बारमाही उन्हाळी वेळेचा प्रयोग शांततेच्या काळात एकदा झाला होता. तेलटंचाईमुळे अध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तसा कायदा मंजूर केला आणि ६ जानेवारी १९७४ पासून तो देशभर लागू झाला. ऐन हिवाळ्यात अनेक ठिकाणी सूर्योदय आठ वाजल्यानंतर होऊ लागला. मुले अंधारात शाळेस निघू लागली आणि फ्लॉरिडातून शाळकरी मुलांच्या अपघाती मृत्यूंच्या वार्ता येऊ लागल्या. लोकमत पालटले. ऑक्टोबर १९७४ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्या स्वाक्षरीने हिवाळ्यापुरती प्रमाणवेळ परत आली.

ज्या फ्लॉरिडातील वार्तांनी हा प्रयोग बदनाम झाला, त्याच राज्याने २०१८ मध्ये बारमाही उन्हाळी वेळेचा कायदा करून नव्या लाटेस आरंभ केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सुमारे ६० टक्के मतदारांनी सार्वमताने विधिमंडळाला तशी मोकळीक दिली. त्यानंतरच्या कायद्यांत शेजाऱ्यांचा विचार ठळकपणे दिसतो. ऑरेगॉनने आपला कायदा कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन यांच्या निर्णयावर अवलंबून ठेवला, तर आयडाहोने आपल्या उत्तर भागापुरता वॉशिंग्टनच्या निर्णयावर. मार्च २०२२ मध्ये सिनेटने एकमताने या बाजूचे विधेयक संमत केले. तथापि प्रतिनिधिगृहाने ते विचारार्थ घेतलेच नाही व ते निकालात निघाले.

६

या प्रदीर्घ वादाचा ठसा शब्दांवरही उमटलेला आहे. 'डेलाइट सेव्हिंग' या नावातच 'बचत' हा शब्द आहे, तर फ्लॉरिडाच्या कायद्याने 'सूर्यप्रकाशाचे संरक्षण' असे नाव धारण केले. सर्वांत उद्बोधक आहे तो 'प्रमाण' हा शब्द. १९६६ च्या कायद्यानुसार उन्हाळी वेळेचा काळ सुमारे सहा महिने होता. २००५ च्या कायद्याने २००७ पासून तो मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत वाढविला. याचा अर्थ वर्षातील २३८ दिवस फेरफाराची वेळ चालते आणि जिला 'प्रमाण' म्हणावयाचे, ती जेमतेम अठरा आठवडे उरते. व्यवहारात अपवादाने नियमाची जागा घेतली. कायद्याची परिभाषा मात्र जुन्याच क्रमाला धरून राहिली.

राज्यांच्या निष्प्रभ कायद्यांचे मर्म या विसंगतीत आहे. कायद्याने राज्यांना जी निवड दिली ती त्यांच्या मतदारांना फारशी नको होती, आणि जी हवी होती ती काँग्रेसच्या हाती होती. त्यामुळे हे कायदे आज्ञेच्या रूपात लिहिलेले असले, तरी त्यांचे कार्य अर्जाचे आहे. परस्परांवर अवलंबून असलेल्या त्यांतील अटी आणखी एक गोष्ट सुचवितात. घड्याळावर स्वतःचा अधिकार सांगणाऱ्या राज्यालाही शेजाऱ्याहून वेगळी वेळ नको असते. १९६६ पूर्वीच्या गोंधळाने शिकविलेला हा धडा राज्ये विसरलेली नाहीत. १९७४ च्या हिवाळ्याने शिकविलेला धडा मात्र, निदान विधिमंडळांत, तितका स्मरणात राहिलेला दिसत नाही.