रेड अ‍ॅरे : जुने फर्मवेअर, जुने ड्रायव्हर आणि कोसळणारा संगणक

डिस्क अ‍ॅरे किंवा रेड म्हणजे अनेक हार्डडिस्क वा एसएसडी एकत्र जोडून संगणकाला ती एकच डिस्क असल्याचे भासवणारी व्यवस्था. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली शिकागोच्या सिग्मॉड परिषदेत मांडलेल्या निबंधात तिच्या १ ते ५ या पातळ्या सांगितल्या. एखादी डिस्क उडाली तरी काम थांबू नये, हा त्यामागचा हेतू. डिस्क झिजून किंवा जळून जाते तेव्हा तो बव्हंशी साध्यही होतो. पण अ‍ॅरेतल्या सगळ्याच डिस्कवर एकच सदोष फर्मवेअर असेल, किंवा अ‍ॅरे आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला ड्रायव्हर चुकत असेल, तर जादा डिस्कचा काडीचाही उपयोग होत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नोव्हेंबर २०१९चे. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने ग्राहकांना कळवले, की आपल्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे बरोबर ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. बंद पडल्यावर ना डिस्क वाचेल ना त्यातली माहिती, हेही कंपनीने स्पष्ट लिहिले. आकडा पाहताच कोणाही प्रोग्रामरच्या भुवया उंचावतील. २चा पंधरावा घात ३२,७६८ होतो, आणि १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७च्या पुढचा आकडा मावत नाही. तास मोजणारा काटा तिथे पोहोचला, की फर्मवेअर गडबडणार. खरी मेख पुढेच होती. सर्व्हर विकत घेताना त्यातल्या डिस्क एकाच खोक्यातून येतात, एकाच दिवशी बसतात आणि एकाच क्षणी सुरू होतात. त्यामुळे त्या मरणारही जवळपास एकाच वेळी. रेड ५ एक डिस्क गमावणे सोसते, रेड ६ दोन. सर्व्हरमधल्या आठच्या आठ डिस्क गेल्या तर कुठलीच पातळी कामाची नाही. उपाय होता तो एचपीडी८ ही फर्मवेअरची आवृत्ती वेळेत टाकण्याचा. मार्च २०२०मध्ये दुसरी सूचना आली. या वेळी मर्यादा ४०,००० तासांची आणि उपाय एचपीडी७ आवृत्तीचा होता.

असे तासांचे भूत सर्व्हरपुरतेच नसते. क्रुशल या ब्रँडची एमफोर ही एसएसडी एके काळी घरगुती संगणकांत फार लोकप्रिय होती. ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस चालून झाले की ती अचानक गप्प होई आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबे. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की सगळे ठाकठीक. मग तासाभराने पुन्हा तेच. दर तासाला कोसळणारा संगणक पाहून कोणीही रॅम बदलली असती, पॉवर सप्लाय बदलला असता. दोष मात्र डिस्कची तब्येत नोंदवणाऱ्या ‘स्मार्ट’ यंत्रणेच्या काउंटरला मिळणाऱ्या चुकीच्या प्रतिसादात होता, आणि जानेवारी २०१२मध्ये आलेल्या ०३०९ या फर्मवेअरने तो गेला. नेमक्या ठरावीक अंतराने होणारा क्रॅश दिसला की आधी फर्मवेअरवर संशय घ्यावा, हा धडा निदान करणाऱ्यांनी तेव्हापासून गाठीला बांधला आहे.

अ‍ॅरेपर्यंतच्या वाटेत सॉफ्टवेअरचे अनेक थर असतात. वर ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्याखाली ड्रायव्हर, मग कंट्रोलर कार्डावरचे फर्मवेअर, मोठ्या सर्व्हरमध्ये डिस्क ज्यात खोचतात त्या बॅकप्लेनचे फर्मवेअर आणि शेवटी प्रत्येक डिस्कचे स्वतःचे. मदरबोर्डवरच्या रेडमध्ये कार्डाची जागा बायॉस आणि इंटेल रॅपिड स्टोरेजसारखा ड्रायव्हर घेतात. यातला कोणताही थर मागे राहिला आणि बाकीचे पुढे गेले, की खटके उडू लागतात. मे २०१९च्या विंडोज १० अपडेटच्या वेळी मायक्रोसॉफ्टला हेच आढळले. इंटेलच्या या ड्रायव्हरच्या १५.१.०.१००२पासून १५.५.२.१०५३पर्यंतच्या आवृत्त्या असलेल्या संगणकांवर नवे विंडोज अस्थिर होत होते. तेव्हा मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांना अपडेट देणेच थांबवले. सुटका होती १५.५.२.१०५४ किंवा त्यानंतरची आवृत्ती टाकण्यात. शेवटच्या आकड्यातल्या एकाचा काय तो फरक.

लक्षणे फसवी असतात. माउस हलतो, पण कुठलीच खिडकी उघडत नाही. डिस्कचा दिवा एकसारखा पेटून राहतो किंवा साफ विझतो. लिनक्स सर्व्हर पिंगला उत्तर देतो, कारण ते काम मेमरीतून चालते. लॉगिन मात्र होत नाही, कारण त्यासाठी डिस्क लागते. कधी मूळ फाइल सिस्टिम ‘फक्त वाचा’ अवस्थेत गेलेली सापडते. विंडोजमध्ये निळ्या पडद्यावर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ किंवा ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ अशी नावे येतात. पहिल्याचा अर्थ असा, की मेमरीबाहेर ठेवलेले पान परत आणायला विंडोज डिस्ककडे गेले आणि हात हलवत परतले. त्या नावात डेटा आणि एरर एवढेच वाचून लोक रॅमवर खापर फोडतात.

रॅमला अर्थातच निर्दोष धरू नये. मेमटेस्ट रात्रभर चालवून तो प्रश्न निकाली काढता येतो. केबलचेही तसेच. स्मार्टच्या यादीतला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा साटा केबलचा किंवा तिच्या टोकांचा. ५ आणि १९७ वाढत असतील, तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतो आहे. अडचण एवढीच, की हार्डवेअर रेडच्या आड विंडोजला खऱ्या डिस्क दिसतच नाहीत, दिसते ती एक काल्पनिक डिस्क. तिची तब्येत पाहून काही कळत नाही. त्यासाठी कंट्रोलरचेच साधन लागते : मेगारेडला स्टोरसीएलआय, डेलच्या पर्क कार्डाला पर्कसीएलआय, एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरेला एसएसएसीएलआय.

खरा पुरावा लॉगमध्ये असतो, आणि तो क्रॅशच्या क्षणी नसून त्याच्या एक-दोन मिनिटे आधी असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून कोसळण्याच्या वेळेपासून मागे सरकत जावे. १२९ क्रमांकाची नोंद सांगते, की डिस्ककडे पाठवलेल्या विनंतीला ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही आणि विंडोजने ती जोडणी रीसेट केली. ही वेळ सहसा ६० सेकंदांची असते. त्या नोंदीत ‘रेडपोर्ट०’ असा शब्द दिसतो आणि ज्यांच्याकडे रेड नाहीच ते गोंधळतात. विंडोजचा स्टोरपोर्ट हा भाग साध्या कंट्रोलरलाही हेच नाव देतो. १५३ म्हणजे विनंती पुन्हा पाठवावी लागली, ११ म्हणजे कंट्रोलरची चूक. १२९च्या नोंदींची रांग आणि तिच्यामागोमाग क्रॅश, असे दोन-तीनदा दिसले, की संशयित सापडला म्हणायला हरकत नाही.

कोसळताना विंडोज लिहून ठेवते ती मिनिडंप फाइल मिळाली तर विनडीबीजी या साधनाने दोषी ड्रायव्हरचे नाव वाचता येते. पण अशा क्रॅशमध्ये ती अनेकदा मिळतच नाही. डंप लिहायचा तो डिस्कवरच, आणि रुसून बसली आहे तीच डिस्क. विंडोज या प्रसंगासाठी स्टोरेज ड्रायव्हरची एक वेगळी प्रत मेमरीत तयार ठेवते. कंट्रोलरच अडकला असेल तर तिचाही इलाज चालत नाही आणि पडद्यावरची टक्केवारी शून्यावर गोठते. डंप नसणे हाही पुरावाच आहे, हे दुरुस्तीला बसलेल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

ड्रायव्हर जुना आहे की नवा, हे ओळखताना तारखेवर जाऊ नये. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख असते. उत्पादक कंपनीच्या ड्रायव्हरला प्राधान्य मिळावे म्हणून ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे. इंटेलच्या चिपसेट फाइलींवर तर १८ जुलै १९६८ अशी तारीख सापडते. तो इंटेल कंपनीचा स्थापनादिन. तेव्हा विंडोज सोडाच, मायक्रोसॉफ्टही जन्माला यायचे होते. आवृत्तीचा क्रमांकच पाहावा.

एक प्रकार ड्रायव्हरचा वाटतो, पण असतो दोन-पाच रुपयांत नाही तरी शे-पन्नासात मिळणाऱ्या बटण-सेलचा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला किंवा बायॉस अपडेट केला, की सेटिंग मूळपदावर जातात. साटाचा मोड रेडवरून एएचसीआयवर आला, की विंडोज ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून सुरूच होत नाही. दुकानातला सल्ला ठरलेला : फॉरमॅट मारून घ्या. खरे तर मोड पूर्ववत केला की काम होते. रेड १ असलेल्या संगणकावर तर चुकीच्या मोडमध्ये कसेबसे बूट करणे जास्त घातक. एकमेकींची आरशासारखी प्रत असलेल्या दोन डिस्क सुट्या दिसतात, लिहिले जाते एकीवरच, आणि पुन्हा रेड चालू केल्यावर खरी प्रत कोणती, हा पेच उभा राहतो.

स्वस्त डिस्कचा दोष थोडा निराळा आहे. घरगुती डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर ती एखाद-दोन मिनिटेही प्रयत्न करत राहते. रेडसाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून तसे कळवते आणि कंट्रोलर ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून भरून काढतो. वेस्टर्न डिजिटल या सोयीला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी. ती नसली, की चांगली डिस्कही कंट्रोलरला मेलेली वाटते आणि तो तिला अ‍ॅरेबाहेर काढतो. लिनक्समध्ये कर्नल ३० सेकंद वाट पाहतो. अशा डिस्क वापरायच्याच असतील, तर ती मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवण्याची पद्धत आहे.

निदान झाल्यावर अपडेटची घाई नडते. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ डिस्कचा जानेवारी २००९मधला किस्सा यासाठी लक्षात ठेवण्याजोगा. एसडी१५ फर्मवेअरच्या डिस्क चालू करताना कायमच्या अडकत होत्या. कंपनीने घाईने दुरुस्ती दिली, आणि त्या दुरुस्तीनेच ५०० जीबीच्या काही डिस्क ठप्प झाल्या. ती मागे घेऊन नवी द्यावी लागली. म्हणून आधी पूर्ण बॅकअप, तोही अ‍ॅरेबाहेर. अ‍ॅरेची अवस्था ‘ऑप्टिमल’ हवी. रीबिल्ड चालू असताना फर्मवेअरला हात लावू नये. यूपीएस जोडलेला हवा, कारण फ्लॅश करताना वीज गेली तर कार्ड कायमचे निकामी होऊ शकते, आणि वीज जाण्याला आपल्याकडे मुहूर्त लागत नाही. कंपनीच्या रिलीज नोट्स वाचाव्यात. जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर उडी घेता येत नाही, मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, असे त्यात बरेचदा लिहिलेले असते.

रीस्टार्टनंतर पर्क किंवा मेगारेड कार्ड एखादी डिस्क ‘फॉरेन’ दाखवते. पडद्यावर दोन पर्याय येतात, ‘इंपोर्ट’ आणि ‘क्लिअर’. ‘क्लिअर’ निवडल्याने त्या डिस्कवरची अ‍ॅरेची रचना पुसली जाते. घाबरलेला माणूस नेमका तोच दाबतो, कारण त्याला त्रुटीचा संदेश ‘क्लिअर’ करायचा असतो. कोणती डिस्क किती वाजता अ‍ॅरेबाहेर पडली, हे कंट्रोलरच्या लॉगमध्ये पाहिल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच दाबू नये. फार पूर्वी बाहेर पडलेल्या डिस्कवरची माहिती शिळी असते.

सर्वांत नवे तेच योग्य, हाही भ्रमच. फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी जुळावी लागते. व्हीएमवेअर आपल्या व्हीसॅन या स्टोरेज सॉफ्टवेअरसाठीच्या यादीत कंट्रोलरचे फर्मवेअर आणि ड्रायव्हर जोडीनेच देते. फ्रीनॅस ही स्टोरेज प्रणाली वापरणाऱ्यांत एलएसआय कंपनीचे ९२११-८आय कार्ड वर्षानुवर्षे गाजले. त्याच्या फर्मवेअरच्या विसाव्या मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी लोकांना छळले आणि विश्वास बसला तो २०.००.०७.०० या आवृत्तीवर.

काही कार्डांना मात्र अपडेटने वाचवता येत नाही. एलएसआय २०१४मध्ये अवागोकडे गेली, अवागो २०१६मध्ये ब्रॉडकॉम झाली, आणि जुन्या कार्डांची फर्मवेअर मिळवणे हाच एक शोध झाला. २०१९मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ने याच ९२११-८आय कार्डावरच्या सॅस२००८ चिपचा आधार आपल्या ड्रायव्हरमधून काढून टाकला. त्या कार्डावरचा अ‍ॅरे तिथे आपोआप दिसत नाही. ईएलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाने दिलेला ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.