सीडर हिलचे गहाणखत कोणी फेडले?

महापुरुषांची घरे वाचवायची म्हटले की आपली पहिली हाक सरकारला जाते. निवेदन, शिष्टमंडळ, धरणे, आणि मग अंदाजपत्रकातल्या तरतुदीची वाट. मागणी रास्तच आहे. राजवाडे आणि गढ्यांच्या डागडुजीला तिजोरीतून पैसा जातो, ती तिजोरी आपल्याही घामाने भरते. प्रश्न एवढाच की अनुदान नेमके कोणत्या टप्प्यावर येते? याचे उत्तर फ्रेडरिक डग्लस यांच्या घराच्या इतिहासात सापडते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या डग्लस यांनी वॉशिंग्टनमध्ये टेकडीवरचे एक घर विकत घेतले. तेच सीडर हिल. त्या वसाहतीत काळ्यांना घर विकायचे नाही, अशी अटच मूळ विकसकाने घातली होती. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आडनाव ऐकून ‘खोली गेली’ म्हणणारे घरमालक अजून हयात आहेत.

डग्लस १८९५ मध्ये वारले. घर पत्नी हेलन यांना द्यावे असे मृत्युपत्रात होते, पण त्यावर पुरेशा साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. तेवढ्या एका त्रुटीने ती तरतूद बाद झाली. मुलांना घर विकायचे होते. हेलन यांनी कर्ज काढून त्यांचे हिस्से घेतले, व्याख्याने देत पैसे जमवले. १९०० मध्ये त्यांच्या प्रयत्नाने अमेरिकी काँग्रेसने स्मारक संस्थेला कायदेशीर मान्यता दिली. मान्यता मिळाली, कर्ज तसेच राहिले. १९०३ मध्ये हेलन गेल्या. पुढे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी वर्गणीसाठी प्रयत्न केले, तरी गहाणखत सुटले नाही.

ते सोडवले काळ्या स्त्रियांनी. नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन या संघटनेने १९१६ मध्ये हे काम अंगावर घेतले. अध्यक्ष मेरी टॅल्बर्ट. गावोगावच्या महिला मंडळांनी वर्गणी काढली. कापूस वेचणारी, धुणी धुणारी आणि नंतर केशप्रसाधनांच्या धंद्यात मोठी झालेली मॅडम सी. जे. वॉकर हिने ५०० डॉलर दिले. १९१८ मध्ये कर्ज फिटले, दुरुस्ती झाली आणि १९२२ मध्ये घर लोकांसाठी उघडले. सरकारने ते राष्ट्रीय उद्यान सेवेकडे घेतले १९६२ मध्ये! म्हणजे कर्जमुक्तीनंतर ४४ वर्षांनी. तोवर घर उभे होते म्हणून घेता आले, हे विसरू नये.

अलीकडेही क्रम फारसा बदललेला नाही. गायिका नीना सिमोन यांचे नॉर्थ कॅरोलिनातले तीन खोल्यांचे जन्मघर २०१७ मध्ये चार काळ्या कलावंतांनी ९५ हजार डॉलरना घेतले. जतनासाठी संस्थांचा निधी त्यामागून आला. लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतले, पण ते विक्रीला निघाल्याचे सरकारच्या कानावर घातले तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी.

आपल्याकडे ‘राजगृह’ खुद्द बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले. ते १९३०च्या दशकातले. १९५८च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्याला मात्र प्राचीन स्मारक किमान शंभर वर्षांचे लागते. आपला इतिहासच विसाव्या शतकात विटामातीला आला, त्याचे काय? ही अट बदलण्यासाठी भांडलेच पाहिजे. पण ज्या साध्या घरांत बाबासाहेब दौऱ्यावर उतरले, परिषदांच्या बैठका झाल्या, त्या घरांच्या भिंती कायदा बदलेपर्यंत थांबणार नाहीत.

वस्त्यांत काम करताना आम्हाला दिसते ते हेच: छप्पर गळते आहे, घर मयत आजोबांच्या नावावर आहे, वारस पाच आणि बोलचाल बंद. अशा घराला कोण अनुदान देईल? देणारा आधी मालकी विचारतो, मग नोंदणीकृत संस्था, मग तीन वर्षांचे हिशेब. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए नोंदणी वेगळी. म्हणून मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा यंदा डीजेऐवजी या कागदांवर घालावा: वारसनोंद, नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका, सर्व वारसांची लेखी संमती, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी, आणि घराचे आजचे तारखेसह फोटो. साक्षीदारांच्या सह्या मोजून घ्याव्यात.