आवडीची बखर : रॉकचे ‘अभिजात’ अल्बम कोणी ठरवले?

१/ ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली आजवरच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांची यादी प्रसिद्ध केली. अग्रस्थानी होता बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. २०२० साली नव्याने मतदान झाले, तेव्हा हाच अल्बम २४व्या क्रमांकावर गेला. मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ सहाव्यावरून पहिल्या स्थानी आला, तर जोनी मिचेल यांचा ‘ब्लू’ ३०व्यावरून थेट तिसऱ्या. या १७ वर्षांत तबकडीवरचा एकही सूर बदललेला नव्हता. मग बदलले काय?

२/ बदलले ते ऐकणारे. रॉकच्या इतिहासात ‘अभिजात’ ही पदवी कोणत्याही अल्बमला जन्मतः मिळालेली नाही. ती श्रोत्यांनी दिली, काहींची काढून घेतली आणि काहींना फार उशिरा दिली. म्हणूनच एखाद्या रसिकाचे ‘माझे आवडते अल्बम’ हे टिपण केवळ हौस म्हणून सोडून देता येत नाही. ते इतिहासाचे साधन आहे, आणि प्रत्येक साधनाप्रमाणे तेही पारखून घ्यावे लागते.

३/ प्रथम ‘अल्बम’ म्हणजे काय ते पाहू. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे. अशा अनेक तबकड्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकल्या जात. नाव तिथूनच आले. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले.

४/ तरीही १९६०च्या दशकाच्या आरंभी तरुणांचे संगीत चालत होते ते ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर : एका बाजूस एक गाणे, दुसऱ्या बाजूस दुसरे. मोठा अल्बम म्हणजे बहुधा दोन-तीन गाजलेली गाणी आणि उरलेली भरताड. डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सचा ‘रबर सोल’ आला, तो मात्र सलग ऐकावा असा. तो ऐकून ईर्षेला पेटलेल्या ब्रायन विल्सन यांनी बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (मे १९६६) घडवला. आणि ‘पेट साउंड्स’ने भारावलेल्या बीटल्सने पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर्स’.

५/ ‘सार्जंट पेपर्स’च्या वेष्टनाच्या मागील बाजूस सर्व गाण्यांचे शब्द छापलेले होते. गोष्ट लहान वाटते, परिणाम मोठा झाला. गाणे आता नाचण्यापुरते उरले नाही. ते वाचण्याचे, अर्थ लावण्याचे आणि त्यावरून भांडण्याचेही झाले. रॉकचा श्रोता मत बाळगू लागला.

६/ त्या मताला व्यासपीठही मिळत होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये पॉल विल्यम्स या अवघ्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात ‘क्रॉडॅडी’ हे रॉकला वाहिलेले नियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. रॉकवर गंभीरपणे लिहिता येते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ‘रोलिंग स्टोन’ निघाले. रॉक समीक्षेच्या मुळाशी प्राध्यापक नव्हते, चाहते होते.

७/ पण समीक्षकाचे मत म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. १९६९ साली लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन मेंडेलसन यांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. श्रोत्यांनी तिकडे काणाडोळा केला. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत अल्बम पहिल्या दहांत पोहोचला. पुढे त्याच नियतकालिकाच्या २००३च्या यादीत तो पहिल्या ५० अल्बमांत मानाने बसला.

८/ दुसरा मोठा बदल गीत लिहिणाऱ्यांनी घडवला. तोवर लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा, अशी कामाची वाटणीच होती. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर कॅरल किंग आणि त्यांचे पती जेरी गॉफिन इतरांसाठी गाणी रचत. त्यांचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणे शिरेल्स या चमूने गायले आणि १९६१च्या आरंभी ते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. गाणे घरोघरी गेले. रचणारी पडद्याआड राहिली.

९/ दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९७१ मध्ये, किंग यांनी ‘टॅपेस्ट्री’ या अल्बमात तेच गाणे स्वतः गायले. लय संथ, पियानो जवळचा, साथीला जोनी मिचेल आणि जेम्स टेलर यांचे आवाज. शब्द तेच होते; पण किशोरवयीन मुलीची धास्ती आता घटस्फोट पाहिलेल्या, दोन मुलींची आई असलेल्या स्त्रीचा प्रश्न झाली होती. ‘टॅपेस्ट्री’ सलग १५ आठवडे अमेरिकेत पहिला राहिला आणि त्याच्या वाट्याला चार ग्रॅमी पुरस्कार आले. गायक-गीतकाराचा काळ सुरू झाला होता.

१०/ त्याच वर्षी, हॉलिवूडमधील त्याच ‘ए अँड एम’ स्टुडिओच्या वास्तूत, जोनी मिचेल ‘ब्लू’ ध्वनिमुद्रित करीत होत्या. गिटार, पियानो, डल्सिमर आणि आडपडदा न ठेवणारे शब्द, एवढाच त्याचा ऐवज. २००३ ते २०२० या काळात हा अल्बम २७ पायऱ्या वर चढला, कारण मतदार बदलले : तरुण वाढले, निरनिराळ्या संगीतप्रकारांतले आणि पार्श्वभूमींचे लोक वाढले. यादी संगीताची असते, पण ती मतदारांचीही जनगणना असते.

११/ आतापर्यंतचे अल्बम निदान विकले तरी गेले होते. व्हॅन मॉरिसन यांचा ‘अॅस्ट्रल वीक्स’ नोव्हेंबर १९६८ मध्ये आला, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. रिचर्ड डेव्हिस यांच्यासारख्या कसलेल्या जॅझ वादकांची साथ असूनही अल्बम खपला नाही. १९७९ साली समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी त्यावर दीर्घ निबंध लिहिला. स्वतःच्या आयुष्यातील एका अंधाऱ्या काळात या अल्बमने आपल्याला कसा आधार दिला, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. पुढच्या पिढ्यांनी हा अल्बम ऐकला त्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत त्याला विक्रीची सुवर्ण तबकडी मिळाली ती २००१ साली : प्रकाशनानंतर ३३ वर्षांनी.

१२/ निक ड्रेक यांना इतकी वर्षे लाभलीच नाहीत. १९४८ साली रंगूनमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या या लाजाळू तरुणाने तीन अल्बम केले. शेवटचा ‘पिंक मून’ ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या ‘साउंड टेक्निक्स’ स्टुडिओत दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झाला. खोलीत ड्रेक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड, इतकेच. २८ मिनिटांचा अल्बम; आवाज, गिटार आणि एका गाण्यात थोडासा पियानो. तिन्ही अल्बमांची विक्री किरकोळ राहिली. नोव्हेंबर १९७४ मध्ये वयाच्या २६व्या वर्षी ड्रेक गेले.

१३/ यानंतर घडले ते कोणत्याही यादीत नोंदवलेले नाही. टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यातील ड्रेक यांच्या घराचे दार अनोळखी तरुण ठोठावू लागले. कोणी दूरदेशीहून आलेले. रॉडनी आणि मॉली ड्रेक हे आईवडील त्यांचे स्वागत करीत, मुलाची खोली दाखवीत आणि निकने घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेटही करून देत. ज्या मुलाला हयातीत श्रोते मिळाले नाहीत, त्याचे श्रोते आईवडिलांच्या उंबऱ्यावर येत होते. १९९९ साली मोटारीच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजले आणि विक्री एकाएकी वाढली. पण जाहिरात करणाऱ्यांच्या कानावर ते गाणे पडावे, यासाठी २५ वर्षे कोणीतरी ते जपलेले असावे लागते.

१४/ तिसरी कथा डेट्रॉइटची. मेक्सिकन स्थलांतरितांच्या घरात जन्मलेल्या सिक्स्टो रॉड्रिग्ज यांचा ‘कोल्ड फॅक्ट’ १९७० साली आला आणि अमेरिकेत कोणाच्या लक्षातही आला नाही. दुसरा अल्बमही पडला. रॉड्रिग्ज घरे पाडण्याची आणि डागडुजीची अंगमेहनतीची कामे करू लागले. इकडे दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या राजवटीत, ‘कोल्ड फॅक्ट’ प्रस्थापिताविरुद्ध कुरकुरणाऱ्या गोऱ्या तरुणांच्या घराघरात पोहोचला होता. गायकाविषयी माहिती शून्य. त्याने रंगमंचावरच जीव दिला, अशी वदंता मात्र सर्वत्र.

१५/ केप टाउनचे तबकडी-विक्रेते स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू स्ट्रायडम यांनी शोध सुरू केला. गाण्यातील गावांच्या नावांचे धागेदोरे तपासले, संकेतस्थळ उघडले. अखेर कळले ते असे, की रॉड्रिग्ज डेट्रॉइटमध्ये हयात आहेत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या कीर्तीची त्यांना गंधवार्ताही नाही. मार्च १९९८ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत भरगच्च प्रेक्षागृहांपुढे उभे राहिले. या शोधावरील ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) या माहितीपटाला ऑस्कर मिळाले.

१६/ येथेच साधनांची पारख आवश्यक ठरते. माहितीपट पाहून वाटते, की १९७१ ते १९९८ रॉड्रिग्ज पूर्ण अज्ञातवासात होते. वस्तुतः ऑस्ट्रेलियात त्यांचे चाहते होते आणि १९७९ व १९८१ साली त्यांनी तेथे दौरेही केले होते. चित्रपटाने ते प्रकरण वगळले. चाहता खोटे बोलत नाही, पण आपल्या प्रेमकथेला सोयीचे तेवढेच सांगतो. बखरकाराचे तरी याहून वेगळे काय होते?

१७/ म्हणून कोणाचीही आवडती यादी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे संगीत त्याने कोणत्या वयात ऐकले? कुठे राहून ऐकले? आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचले कसे : दुकानातून, रेडिओवरून, की मित्राने भरून दिलेल्या कॅसेटमधून? उत्तरे मिळाली की यादी बोलू लागते. ती अल्बमविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक त्या काळाविषयी सांगते.

१८/ मॉरिसन यांना हयातीत न्याय मिळाला, रॉड्रिग्ज यांना उतारवयात मिळाला (ते ऑगस्ट २०२३ मध्ये निवर्तले), ड्रेक यांना मिळालाच नाही. तिघांच्याही बाबतीत बाजार थांबला होता आणि अल्बम वाचला तो कुणाच्या तरी हट्टी आवडीमुळे. ज्यांना असा एकही हट्टी श्रोता भेटला नाही, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. आपल्या आवडत्या अल्बमांची यादी करणाऱ्याने खाली तारीख आणि गाव अवश्य लिहावे. उद्याच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग होईल.

(समाप्त)