दूरच्या यंत्राचे शिक्कामोर्तब

जो माणूस समक्ष नाही, त्याचा हुकूम खरा कशावरून मानावयाचा, हा राज्यकारभारातला फार जुना प्रश्न आहे. मराठ्यांच्या अमदानीत त्याचे उत्तर ‘शिक्कामोर्तब’ हे होते. पत्राच्या माथ्यावरील शिक्क्याने हुकूम कोणाचा ते कळे. आणि मजकूर संपला तेथे मोर्तब उठे, म्हणजे मागाहून कोणास ओळ वाढविता येऊ नये. आज एका खोलीत बसलेला एकटा कर्मचारी दूरदूरच्या शेकडो सर्व्हरांचा कारभार आपल्या पडद्यावरून हाकतो. त्याच्या हुकमाला शिक्का आणि मोर्तब कसे लाभले, ती हकीकत श्रोत्यांपुढे ठेवावी असा माझा हेतू आहे.

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथे बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एक टेलिप्रिंटर मांडला. गणिते करणारे यंत्र मात्र सुमारे ३५० किलोमीटरांवर न्यूयॉर्कमध्ये होते. प्रश्न तारेने जाई आणि उत्तर तारेनेच परत येई. सभासदांनी स्वतः कळा दाबून पाहिल्या. गणितच विचारावयाचे होते, तेव्हा विचारणारा कोण, याची चौकशी करण्याचे कारण नव्हते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने प्रयत्न सफल झाला. आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाने, आर्पानेटने, वाहिलेला पहिला संदेश हा असा दूरच्या यंत्रात प्रवेश मागणारा होता.

पुढे ‘टेलनेट’ची पद्धत रूढ झाली. तीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. वाटेत जो कान लावील त्याला तो कळे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द असेच चोरले गेले. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही प्रणाली लिहिली आणि त्याच वर्षी ती सर्वांना मोफत दिली. सर्व्हर खरा तोच आहे ना, हे ती पारखी आणि सारा संवाद सांकेतिक लिपीत नेई. शिक्का मिळाला, मोर्तब मात्र कच्चे निघाले. चालू संवादात परक्याला आपला मजकूर घुसडता येतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. २००६ साली प्रमाण ठरलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली.

दरम्यान नुसत्या अक्षरांऐवजी अख्खा पडदाच दुरून हाताळता येऊ लागला. १९८४ मध्ये एमआयटीत ‘एक्स’ प्रणालीचा आरंभ झाला. १९९८ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून ‘व्हीएनसी’ बाहेर पडली, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. सोय वाढली, तिच्याबरोबर धोकाही वाढला. मे २०१९ मध्ये विंडोजच्या याच दूरनियंत्रण सेवेत ‘ब्लूकीप’ हा दोष उघडकीस आला. परवलीचा शब्द ठाऊक नसलेल्या परक्यालाही त्या वाटेने आत शिरून यंत्र ताब्यात घेता येत होते. तो इतका गंभीर होता, की २०१४ मध्ये आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली.

या इतिहासातून केंद्रीय नियंत्रण उभारणाऱ्याने काय घ्यावे? प्रत्येक सर्व्हरची वेस चव्हाट्यावर उघडू नये. सर्वांनी एकाच राखलेल्या दरवाजातून आत जावे. प्रत्येक कर्मचाऱ्याची किल्ली वेगळी असावी. एकच परवलीचा शब्द दहा जणांत फिरू लागला, की हुकूम कोणी दिला हे उद्या कोणालाच सांगता येत नाही. जो काम सोडून गेला, त्याची किल्ली त्याच दिवशी रद्द व्हावी. कोण केव्हा आला आणि त्याने काय केले, याची नोंद राहावी, आणि ती त्याला स्वतःला पुसता येऊ नये.

कचेरीत सही, तारीख आणि जावक क्रमांक यांना पुष्कळ जण निव्वळ लाल फीत समजतात. परंतु हजार यंत्रांची सूत्रे एका हाती आली, म्हणजे एका चोरलेल्या किल्लीने हजारही यंत्रे परक्याच्या हुकमात जातात. अंतर तारेने केव्हाच जिंकले होते. विश्वास मात्र नियमाने आणि नोंदीने, रोजच्या रोज, कमवावा लागतो.