सीडी विकत घ्यायचो, आता भाडं भरतोय!

राधानगरीच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका, डिजिटल बोर्ड, फोटो अल्बम करणाऱ्यांना आज सॉफ्टवेअरचं भाडं भरावं लागतं. हे एका रात्रीत झालेलं नाही.

आधी सॉफ्टवेअर एकदा घ्यायचं आणि वर्षानुवर्षं वापरायचं. नवीन आवृत्ती आली की जुन्या गिऱ्हाइकाला ती सवलतीत मिळायची. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीकडं तर तीन आवृत्त्या मागं असलेल्यालाही सवलत होती. म्हणून लोक मधली एखादी आवृत्ती सोडून द्यायचे. कंपनीला हेच नको होतं.

नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीनं जाहीर केलं, येणारी सीएस६ सवलतीत फक्त सीएस५ आणि ५.५ वाल्यांना. बाकीच्यांनी पूर्ण किंमत मोजायची! जगभर ओरड झाली. जानेवारी २०१२ मध्ये कंपनी नमली, सीएस३ आणि सीएस४ वाल्यांना वर्षअखेरपर्यंत मुदत दिली. लोकांना वाटलं, जिंकलो. पण मे २०१३ मध्ये नवी घोषणा आली: सीएस६ नंतरचं सगळं फक्त वर्गणीवर. सवलतीचा वादच संपला, कारण नवी आवृत्ती विकतच मिळेना.

आता वर्गणी थकली की सॉफ्टवेअर बंद, आणि आपणच केलेली फाईल आपल्याला त्यात उघडता येत नाही. खरा तोटा पैशापेक्षा हा आहे.

म्हणून दुकानदार मित्रांनो, मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि तयार कामाची पीडीएफ वेगळी जपून ठेवा. इंकस्केप, गिम्प, स्क्राइबस फुकट आहेत, शिकून बघा. तुमचा अनुभव काय? कमेंटमध्ये सांगा.