शेजाऱ्याची हरकत

मद्यपान इष्ट कीं अनिष्ट हा वाद फार जुना आहे, व तो येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एकाद्या उपाहारगृहास दारूचा परवाना देतांना शेजाऱ्यांच्या शब्दास किती मान असावा, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. अमेरिकेंतील एका खटल्यांत त्याचा चांगला खल झाला. त्याची हकीगत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें, हार्वर्ड चौकांत, 'ग्रेन्डेल्स डेन' नांवाचें उपाहारगृह आहे. ग्रेन्डेल हा 'बेवुल्फ' ह्या प्राचीन आंग्ल काव्यांतील राक्षस. तेव्हां नांवाचा अर्थ राक्षसाची गुहा. ह्या गुहेची मागील भिंत व होली क्रॉस ह्या आर्मेनियन कॅथलिक ख्रिस्तमंदिराची मागील भिंत यांत अंतर अवघें १० फूट होतें. १९७७ मध्यें मालकांनीं परवाना मागितला, तेव्हां मंदिरानें लेखी हरकत घेतली. इतके परवाने इतक्या जवळ नकोत, असें तिचें सार. हरकत निष्कारण होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मंदिरापासून ५०० फुटांच्या आंत त्या वेळीं २५ परवानेदार आधींच होते!

अमेरिकेंत राष्ट्रव्यापी दारूबंदी होती ती १९२० पासून १९३३ पर्यंत. ती उठल्यावर मद्यविक्रीचे नियम करण्याचें काम बव्हंशीं त्या त्या संस्थानाकडे आलें. मॅसॅच्युसेट्सनें १९५४ मध्यें मंदिर किंवा शाळा यांपासून ५०० फुटांच्या आंत परवान्यास सरसकट मनाई केली. १९६८ मध्यें, त्या संस्थेच्या चालकांनीं लेखी संमति दिल्यास मनाई लागू नये, अशी सूट ठेविली. आणि १९७० मध्यें, चालकांची लेखी हरकत आल्यासच परवाना नाकारावा, असें ठरलें. दर खेपेस कायदा सौम्य होत गेला खरा. पण त्याबरोबरच निर्णयाचा अधिकार सरकारच्या हातून निसटून शेजाऱ्याच्या हातीं गेला. नगराच्या परवाना-मंडळानें अर्ज फेटाळला, वरच्या मंडळानें तो निकाल कायम केला, आणि त्यास कारण एकच: मंदिराची हरकत.

मालक न्यायालयांत गेले. डिसेंबर १९८२ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ८ विरुद्ध १ मतांनीं हें कलम घटनाबाह्य ठरविलें. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचें म्हणणें असें कीं, मंदिरांस व शाळांस गलबल्यापासून जपण्याचा हेतु योग्यच आहे. त्यासाठीं सरसकट मनाई करावी, अथवा चौकशींत त्यांचें म्हणणें ऐकून त्यास भरपूर वजन द्यावें. परंतु कसलीहि कसोटी न लावितां सरकारी सत्ता धर्मसंस्थेच्या स्वाधीन करणें राज्यघटनेस मान्य नाहीं. न्यायमूर्ति रेन्क्विस्ट यांचा विरुद्ध अभिप्रायहि विचारणीय आहे: कडक मनाई चालते, तर तीच सैल केली असतां कां न चालावी?

ह्यास आमचें उत्तर असें. मनाईचा कायदा करणाऱ्या प्रतिनिधीस मतदारांपुढें उभें राहावें लागतें. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास कारण द्यावें लागतें. हरकतीची चिठ्ठी लिहिणाऱ्यास मात्र कोणासहि जाब द्यावा लागत नव्हता. २५ चालले आणि सव्विसावा कां खपला नाहीं, हें विचारण्याची सोयच कायद्यानें ठेविली नव्हती. आपल्या महाराष्ट्रांत दारूचें दुकान हटविण्यासाठीं स्त्रिया 'आडव्या बाटली'चें मतदान मागतात, तेथेंहि मतें मोजलीं जातात. एकट्याच्या चिठ्ठीवर दुकान उठत नाहीं. शेजाऱ्याची झोंप मोडते, मुलेंबाळें भितात, ही तक्रार पुष्कळदां खरी असते, व ती ऐकलीच पाहिजे. परंतु तक्रार करणारा एक व निवाडा देणारा दुसरा, एवढा भेद राखला नाहीं, तर आज हरकत घेणारा शेजारी उद्यां दुसऱ्याच्या हरकतीखालीं सांपडल्यावांचून राहणार नाहीं.